आज इन्स्पेक्टर नाही आला?

शहरातली पोरं ज्या पार्कच्या पाससाठी वर्षभर आईबापांच्या मागे भुणभुण लावायची, तो पास भुंग्याच्या घरी आपसूक यायचा. त्याचा बाप लिफ्टचा मिस्त्री होता. पार्कमधल्या उंच मनोऱ्यावर माणसं नेणारी लिफ्ट, मोठ्या स्वयंपाकघरात पोती आणि पिंपं वर चढवणारी लिफ्ट, आणि ऑफिसातली एक कायम रुसलेली लिफ्ट, या सगळ्यांची देखभाल त्याच्या कंपनीकडे होती आणि दर महिन्याला ते काम त्याच्याच वाट्याला यायचं. म्हणून घरात पास होता. फक्त ज्याला त्याचं अप्रूप वाटावं, त्या पोराला पार्कमधल्या एकाही राइडवर बसता येत नव्हतं.

भुंग्याच्या हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती. धावायचं नाही, दमायचं नाही, दचकायचं तर अजिबात नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. खाताना तो तोंड मिटून, तंद्री लागल्यासारखा गुणगुणायचा, म्हणून आईने त्याला भुंगा म्हणायला सुरुवात केली आणि शाळेच्या हजेरीपटाबाहेर त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही.

बापाने त्याला पहिल्यांदा पार्कमध्ये नेलं तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. रोलर कोस्टरखाली उभा राहून, मान वर करून त्याने असं काही भोकाड पसरलं की मिस्त्रीला कुठे तोंड लपवू असं झालं. समोरच फ्रेंच फ्राइजची खिडकी होती. मिस्त्रीने त्याला उचलून तिथल्या बाकड्यावर बसवलं आणि गरम गरम कागदी पुडा हातात दिला. तेवढ्यात डोक्यावरून गाडी गडगडत गेली. खिडकी हादरली, बाकडं हादरलं, फळीवरची मिठाची बाटली टकटक करत कडेपर्यंत चालत आली आणि खिडकीतल्या उंच माणसाने तिच्याकडे न बघताच तिला परत मागे ढकललं. भुंगा रडायचा थांबला. दोन फ्राइज तोंडात कोंबून तो म्हणाला, "बाबा, इथे न बसताच बसल्यासारखं होतं."

बाप-लेकांचा पार्क त्या दिवशी सापडला. बाकीची पोरं राइडच्या रांगांमध्ये घामाघूम व्हायची तेव्हा हे दोघं या खिडकीवरून त्या खिडकीवर जायचे. जिथे उभ्याउभ्या मागायचं, ताट नाही, वेटर नाही, दोन मिनिटांत हातात पडतं, अशा सगळ्या जागा भुंग्याने चाखून, नापास करून, शेवटी तीन ठेवल्या होत्या. कोस्टरखालची फ्राइजची खिडकी, लाटांच्या तलावाजवळचं सूप आणि फाटकाजवळचं आइस्क्रीम. क्रमही ठरलेला. फ्राइज आधी, कारण भूक खरी असते. सूप मधे, कारण तलावातून कुडकुडत बाहेर आलेल्या माणसांकडे बघत गरम काही पिण्यात मजा असते. आणि आइस्क्रीम शेवटी, कारण घरी जायचं वाईट वाटत असतं. हे सगळं तो इतक्या गंभीर चेहऱ्याने समजावून सांगायचा की बापाला हसू दाबावं लागायचं.

सूपच्या खिडकीतली बाई अंगाने भरदार आणि तोंडाने फटकळ होती. मीठ कमी आहे अशी कुणी तक्रार केली तर ती त्याला जिभेची तपासणी करून घ्यायला सांगायची. एकदा भुंग्याने पहिलाच घोट घेऊन सांगितलं, "मावशी, आज सूप घाईत केलंय." बाईने पळीभर स्वतः चाखलं, अख्खं पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं आणि रांगेला थांबायला सांगितलं. त्या दिवसापासून तो इन्स्पेक्टर झाला. खिडकीच्या आत परक्या माणसाला येऊ द्यायची परवानगी नव्हती, पण इन्स्पेक्टरसाठी आत एक स्टूल असायचं. तिथे बसून तो सूप प्यायचा, गुणगुणायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारायचा. फ्राइजवाल्या उंच माणसाला त्याने लंबू म्हणायला सुरुवात केली होती, आणि लंबूही त्याला सलाम ठोकूनच पुडा द्यायचा.

आई फारशी यायची नाही. ती कपड्यांच्या ऑल्टरेशनच्या दुकानात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशीच तिथे गर्दी उसळायची. पार्कमधल्या गमती तिला संध्याकाळी ऐकायला मिळायच्या, त्याही दोघांच्या तोंडून एकदम, एकमेकांना थांबवत.

भुंगा अकरा वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑपरेशन आता टाळता येणार नाही म्हणून सांगितलं. अवघड आहे, हेही सांगितलं. काही लपवलं नाही. तरी आईबाप आशा ठेवायची ती ठेवतातच. पोराला सकाळी आत नेलं आणि दुपारी डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी खुर्ची ओढून घेतली. खुर्ची ओढलेली बघूनच आईला कळलं.

पुढचे काही आठवडे कसे गेले ते दोघांनाही नंतर सांगता आलं नसतं. आईने स्वतःला मशीनला जुंपून घेतलं. मिस्त्री कामावर जाऊ लागला. आणि मग पार्कची पाळी आली.

त्या दिवशी तो खिडक्यांकडे जाणारच नव्हता. पण मोठ्या स्वयंपाकघराच्या लिफ्टकडे जायची वाट सूपच्या खिडकीवरून होती. बाईने त्याला लांबूनच पाहिलं आणि पळी वर करून विचारलं, "काय हो, आज इन्स्पेक्टर नाही आला?"

त्याने खरं सांगायला तोंड उघडलं. तोंडातून निघालं, "शाळा आहे."

बाई म्हणाली, हो की, विसरलेच. आणि ऑपरेशन? तिला तारीख माहीत होती, भुंग्यानेच ऐटीत सांगून ठेवलं होतं. रांगेतली माणसं सूपसाठी हात पुढे करत होती, तिचा चेहरा वाफेत लालबुंद झाला होता आणि ती उत्तरासाठी थांबली होती. मिस्त्री म्हणाला, "झालं. बरा आहे." बाईने डोळे मिटून एकदा कपाळाला हात लावला, मग तोच हात पदराला पुसून तिने पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. तो सूप प्यायला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्याला अन्नाची चव लागली, आणि त्या चवीची त्याला इतकी लाज वाटली की लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तो बराच वेळ नुसता बसून राहिला.

पुढच्या महिन्यात खरं सांगायचं असं ठरवून तो गेला. पण तोवर लंबूलाही बातमी पोचली होती आणि त्याने हात हातात घेऊन इतका दाबला की सांगणं अवघड झालं. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी अवघड झालं. हळूहळू सांगायचं हे ठरवणंच बंद पडलं. भुंगा मोठा होत गेला. त्याला दम लागेनासा झाला. तो वरच्या वर्गात गेला, गणितात गटांगळ्या खाऊ लागला, बॅडमिंटन खेळू लागला. त्याचा आवाज फुटला. तो बापाच्या खांद्याला लागला. तो का येत नाही, याचंही कारण सोपं होतं. आता त्याला आईबापांबरोबर दिसायची लाज वाटते, मित्रांशिवाय करमत नाही. हे ऐकून खिडक्यांमधली माणसं हसायची, त्यांच्याही घरी असलेच नमुने होते. महिन्यातून एक दिवस, तीन खिडक्यांपुढे, मिस्त्री एका वाढत्या पोराचा बाप असायचा. बाकीचे दिवस तो घरी यायचा आणि बायकोशी नळाच्या गळतीबद्दल आणि भाजीबद्दल बोलायचा. भुंग्याचं नाव दोघंही घेत नव्हते. तिला त्रास होईल म्हणून तो घेत नव्हता, आणि त्याला होईल म्हणून ती.

अशी तीन वर्षं गेली.

एका दुपारी ऑल्टरेशनच्या दुकानात एक तरुण मुलगी आली. पार्कने तिला नवा गणवेश दिला होता आणि त्यातली पँट टाचेखाली लोळत होती. भुंग्याची आई खाली बसून, ओठांत टाचण्या धरून, दुमड घालत होती. बोलता बोलता मुलगी म्हणाली की ती फाटकाजवळ आइस्क्रीमच्या खिडकीत असते. आईने टाचण्यांमधूनच विचारलं, आमच्या घरचे तिथे लिफ्टच्या कामाला येतात, माहीत आहेत का?

मुलीचा चेहरा खुलला. "म्हणजे तुम्ही इन्स्पेक्टरच्या आई?"

आईचा हात थांबला. तो शब्द तिने घरात ऐकला होता, पण तीन वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. मुलगी बोलतच राहिली. ती कामाला लागली तेव्हा तो यायचा बंद झाला होता, त्यामुळे तिने त्याला पाहिलं नव्हतं, पण ऐकून ऐकून पाहिल्यासारखाच झाला होता. ऑपरेशननंतर पोरगा बदललाच म्हणे. शाळेच्या बॅडमिंटनच्या संघात घेतलं ना त्याला? आणि आवाज फुटलाय म्हणून वर्गात कविता म्हणायला उभाच राहत नाही, हे खरं का?

बरं झालं की तोंडात टाचण्या होत्या. आईने एक टाचणी काढून कापडात खोचली. मग दुसरी. सगळ्या संपल्यावर तिने मान वर न करता विचारलं, "अजून काय काय सांगतात त्याचे बाबा?"

मुलगी सांगत गेली. आई दुसऱ्या पायाची दुमड तिसऱ्यांदा मोजत राहिली. शेवटी मुलगी म्हणाली की एकदा पाठवा की त्याला, आम्ही सगळे वाट बघतोय. आणि आई म्हणाली, "अभ्यास असतो हो त्याला." स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. किती सहज आला होता तो.

संध्याकाळी मिस्त्री घरी आला तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. तो मोरीत हातांचं ग्रीस घासून काढत होता. तिने विचारलं, "भुंगा बॅडमिंटन खेळतो?"

नळ वाहत राहिला. हातांवर साबण तसाच. तिने पुढे होऊन नळ बंद केला. ती ओरडेल, भांडं आपटेल, वेडा झालास का म्हणेल, यातल्या कशालाही तो तयार होता. मनात कधीतरी या दिवसाची तालीम त्याने केलीही होती.

ती म्हणाली, "तीन वर्षं तू त्याला एकटा भेटत होतास. मला एकदा तरी न्यायचंस."

याची तालीम त्याने केली नव्हती. तो मोरीच्या कट्ट्यावरच बसला आणि ओल्या हातांनी तोंड झाकून रडू लागला. ऑपरेशनच्या दिवशीही तो असा रडला नव्हता. तिने त्याला रडू दिलं. तिचे डोळे कोरडे होते. मग तिने टॉवेल त्याच्या हातात दिला, स्टूल ओढून समोर बसली आणि म्हणाली, "सांग. सगळं सांग मला."

आधी अडखळत, मग भरभर, त्याने सांगितलं. ओठांवर लव आलीय. केस कापून घ्यायला तयार होत नाही. सकाळी अर्धा तास आरशापुढून हलत नाही. ती ऐकत होती, मधेच मान हलवत होती, आणि एका जागी तिने त्याला थांबवलं. बॅडमिंटन तिला पटत नव्हतं. भुंगा मुळातच आळशी होता, त्याला बसून खायला आणि लोकांना नावं ठेवायला आवडायचं. तो स्वयंपाकघरात लुडबुड करत बसला असता, खेळायला कसला जातोय. मिस्त्री हट्टाने म्हणाला, "अगं, पण आता दम लागत नाही ना त्याला."

ते वाक्य दोघांच्या मधे पडलं आणि तिथेच राहिलं. बाहेर शेजारच्यांची पोरं जिन्यावरून धडधड करत खाली उतरली. मग ती म्हणाली की पुढच्या वेळी ती त्याच्याबरोबर येणार. त्याला वाटलं, हे सगळं संपवायला येतेय. तो म्हणाला, मीच सांगतो त्यांना. ती नको म्हणाली. "आधी मला एकदा ऐकायचंय," ती म्हणाली. "कुणीतरी त्याच्याबद्दल विचारतंय, एवढंच."

तिने दुकानातून रजा घेतली. आठवड्याच्या मधल्या वारी पार्कमध्ये गर्दी कमी असते. मिस्त्रीने लिफ्टची कामं भराभर उरकली आणि दोघं कोस्टरखालच्या खिडकीपाशी गेले. लंबू खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. तो त्यांना पैसेच काढू देईना. हनुवटी अगदी आईची आहे पोराची, असं त्याने जाहीर केलं. मग पुढे म्हणाला की कोस्टरची पहिली फेरी इन्स्पेक्टरने माझ्याबरोबर मारायची, त्यासाठी मी रजा राखून ठेवलीय, एवढं सांगा त्याला. आई हसली. ती म्हणाली, "नुसत्या बाता मारतो तो. उंचावर पाय लटपटतात त्याचे." मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालांवर रंग चढला होता. डोक्यावरून गाडी गडगडत गेली आणि तिने पुडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. सगळा पुडा तिने एकटीने संपवला, तळाशी उरलेला कुरकुरीत चुरासुद्धा.

तिथेच थांबून परत फिरले असते तर कदाचित आणखी काही वर्षं असंच चाललं असतं. पण सूपच्या बाईने त्यांना पाहिलं होतं. ती काउंटरची फळी उचलून बाहेर आली. कामाच्या वेळात ती कधी बाहेर येत नसे. तिने आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुमचीच वाट बघत होते.

तिच्या मुलीची मुलगी सहा वर्षांची होती. तिच्याही हृदयात जन्मापासून दोष निघाला होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि पोरीची आई घाबरून महिनोन् महिने पुढे ढकलत होती. "मी तिला तुमच्या पोराचं उदाहरण दिलं," बाई म्हणाली. "म्हटलं, माझ्या स्टुलावर बसायचा, चार पावलं चालला की धापा टाकायचा, आता संघात खेळतो. तेव्हा कुठे कबूल झाली ती. फक्त नात फार भेदरलीय. इन्स्पेक्टरला एक दिवस घरी पाठवाल का? लहान मुलं मुलांचंच ऐकतात. छाती उघडून दाखवली नाही तरी चालेल, नुसतं सांगितलं की काही होत नाही, तरी पुरे."

मिस्त्रीने हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली. बोलायला हवं होतं ते त्याने. तलावात भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या, पोरं किंचाळायला लागली.

आई म्हणाली, "ताई, तो नाहीये."

बाईला वाटलं, कुठे गावाला गेलाय. आईने तिचे हात सोडले नाहीत. "ऑपरेशन झालं त्याच दिवशी गेला. तीन वर्षं झाली. यांना सांगता आलं नाही तुम्हाला. आणि मलाही आत्ता, तिकडे फ्राइजच्या खिडकीपाशी, सांगता आलं नाही."

बाई आधी मिस्त्रीकडे बघत राहिली. मग तिने हात काढून घेतले. खिडकीच्या भिंतीला पाठ लावून ती तशीच खाली सरकली आणि फरशीवर बसली, एवढी भरदार बाई, पाय पसरून. रांगेत दोघं-तिघं उभे होते, ते न सांगताच निघून गेले. ज्या बातमीला आईबापांनी तीन वर्षं उराशी धरून धरून गुळगुळीत केलं होतं, ती तिच्यापुढे नुकतीच घडल्यासारखी येऊन पडली होती. तिच्यासाठी तो काल-परवापर्यंत जिवंत होता. ती रडली ती तशीच रडली, आताच कुणीतरी दार वाजवून सांगून गेल्यासारखी.

मिस्त्री तिच्यापुढे वाकला आणि माफी मागू लागला. तिने हात उगारून त्याला थांबवलं. "दर महिन्याला," ती म्हणाली, "दर महिन्याला मी तुम्हाला विचारत होते. तुम्ही मला त्याच्यासाठी रडूसुद्धा दिलं नाहीत."

मिस्त्रीने पिशवी उचलली आणि तो बाजूला झाला.

आई तिच्या शेजारी फरशीवर बसली. मग बाईने विचारलं, आत नेताना घाबरला होता का? आई म्हणाली, थोडा. आणि मग तिने ते सांगितलं जे नवऱ्याशीही कधी बोलली नव्हती. आत नेण्याआधी भुंग्याने नर्सला विचारलं होतं की उठल्यावर आधी खायला काय देणार. नर्स म्हणाली, सूप. तो म्हणाला, "इथलं नको. माझे बाबा आणतील." सूपवाल्या बाईने पदर तोंडात धरला.

रडणं ओसरल्यावर तिला नातीची आठवण झाली आणि ती पांढरीफटक पडली. आता लेकीला काय सांगू, असं ती पुन्हा पुन्हा विचारू लागली. खरं सांगितलं तर लेक कच खाणार. आणि खोटं कसं सांगायचं? आई म्हणाली, मी येते. मी सांगते.

ती खरोखरच गेली. त्याच आठवड्यात, संध्याकाळी, सूपवाल्या बाईच्या घरी. तिने काही सजवलं नाही. ती म्हणाली, आमच्या पोराची झडप फारच वाईट होती, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, तुमच्या मुलीचा दोष वेगळा आहे की तसाच, ते मला कळत नाही, ते डॉक्टरांना पुन्हा विचारा आणि सगळं विचारा. माझ्या मुलाकडे बघून हो म्हणाला होतात, तर ते हो परत घ्या आणि नव्याने ठरवा. छोटी मुलगी दाराआडून बघत होती आणि तिची नखं निळसर होती. भुंग्याची होती तशीच. आईने मान फिरवली.

पोरीच्या आईबापांनी डॉक्टरांना पुन्हा गाठलं, सगळं विचारलं आणि ऑपरेशन करायचं ठरवलं.

दरम्यान मिस्त्री लंबूकडे गेला होता. एकटाच. त्याने सगळा धीर गोळा करून सांगितलं आणि नेमकी तेव्हाच वरून गाडी गेली. लंबूने कानावर हात नेला. काय म्हणालात? मिस्त्रीला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं. लंबूने तळणीखालचा गॅस बंद केला, खिडकीचं शटर ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. आइस्क्रीमच्या खिडकीतल्या मुलीला पुढे त्याच्याकडूनच कळलं.

ऑपरेशनच्या दिवशी सूपवाल्या बाईने भुंग्याच्या आईला फोन करून फक्त विचारलं, याल का? आई गेली. हॉस्पिटल वेगळं होतं, पण हॉस्पिटलचे कॉरिडॉर सगळीकडे एकाच कारागिराने केल्यासारखे असतात. ती बाईच्या शेजारी बसून राहिली. दुपार झाली. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, ते उभेच राहिले, आणि हसले. पोरीच्या आईने हंबरडा फोडला, सूपवाली बाई डॉक्टरांच्या पायाच पडायला निघाली. भुंग्याच्या आईनेही बाईला जवळ घेतलं, बरं झालं, बरं झालं, असं म्हटलं. मग हात धुवायच्या निमित्ताने ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि नळ सोडून, बेसिनच्या कडा धरून इतकं रडली की शेवटी कुणीतरी बाहेरून दार वाजवलं.

घरी आली तेव्हा मिस्त्री दारातच उभा होता. ती म्हणाली, "वाचली."

"बरं झालं," तो म्हणाला.

ती चपला काढत होती. एक पाय मोकळा, एक चपलेत, भिंतीला टेकून ती तशीच थांबली. "डॉक्टर हसत बाहेर आले ना," ती म्हणाली, "तेव्हा मला त्या पोरीचा राग आला. सहा वर्षांच्या पोरीचा."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. "मी इथे बसून दुसरं काय करत होतो?" तो म्हणाला. "तेच."

दोघं आत गेले. त्या दिवशी त्यांनी भुंग्याचं कपाट उघडलं. काही आवरायला म्हणून नाही. नुसतं उघडं ठेवलं आणि समोर बसले, आणि तो कोणत्या शर्टाला कधी काय सांडून आला होता ते एकमेकांना आठवून सांगत राहिले. अकरा वर्षांचाच भुंगा होता तो. त्याच्यापुढचा पोरगा, बॅडमिंटनवाला, फुटल्या आवाजाचा, तोही त्या दिवशी गेला, आणि त्याच्यासाठीही रडावं लागलं.

सूपवाली बाई आईला अधूनमधून फोन करत राहिली. नात शाळेत जाऊ लागल्याचं तिने जरा चाचरत सांगितलं, आणि आईने सांगितलं की चाचरू नका, मला ऐकायचं असतं. मिस्त्रीशी मात्र बाई बोलत नव्हती. तो महिन्याच्या कामाला यायचा, खिडकीपाशी थांबायचा, ती पेला भरून त्याच्यापुढे सरकवायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. तो सूप पिऊन, पेला धुऊन ठेवून निघायचा. असे पुष्कळ महिने गेले. थंडी संपली, तलावाजवळ पुन्हा गर्दी होऊ लागली.

मग एका भर दुपारी, मागे लांब रांग लागलेली असताना, तिने त्याच्या पेल्यावर हात ठेवला. "तुमच्या बायकोने तिचं सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. कसा गेला, सांगा."

मिस्त्रीने मागे वळून रांगेकडे पाहिलं. एक माणूस चुळबुळ करत होता, कुणाचं तरी ओलं पोर टॉवेलमध्ये कुडकुडत होतं. बाईने रांगेला हाताने पलीकडची मक्याची खिडकी दाखवली. माणसं कुरकुरत सरकली. तिने पळी पातेल्यात सोडली आणि दोन्ही कोपरं फळीवर टेकली.

त्याने आजवर हे कुणालाही सांगितलं नव्हतं. कुठून सुरू करावं तेही त्याला माहीत नव्हतं. "सकाळपासून त्याला उपाशी ठेवलं होतं," तो म्हणाला. थांबला. "तर तो माझ्यावर रागावला होता." आणि मग त्याला पुढचं आठवत गेलं.